दंगलीला मुभा लागते

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. शेजारची भिवंडी पेटली नाही. दंगलींविषयी बोलू पाहणाऱ्याने आधी हे कोडं सोडवावं, कारण आपण दंगलीची म्हणून जी जी कारणं सांगतो ती सगळी भिवंडीत हजर होती. यंत्रमागांचा अहोरात्र खडखडाट, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार, तुंबलेली गटारं, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी, तेलंगणातले पद्मशाली, मूळचे कोकणी मुसलमान आणि आगरी. शिवाय जुने हिशेब होतेच. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथे दंगल झाली आणि तिचे पडसाद जळगावात उमटले. १९८४ मध्ये पुन्हा झाली, ती ठाणे-मुंबईपर्यंत गेली. गरिबी, गर्दी आणि जुन्या जखमा एवढ्यावरच दंगल होत असती, तर ब्याण्णव साली पहिली काडी भिवंडीतच पडायला हवी होती.

सरकारी पत्रकांना अशी कोडी पडत नाहीत. त्यांच्याकडे ‘समाजकंटक’ हा तयार शब्द असतो. १९६५ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात कृष्णवर्णीयांचा उठाव झाला, ३४ माणसं मेली, तेव्हा तिथल्या चौकशी आयोगानेही वस्तीतल्या मूठभर बिघडलेल्यांवर बोट ठेवलं होतं. मूठभरांवर खापर फोडलं की बाकी सगळे सुटतात: नगरपालिका, पोलीस, पक्ष आणि आपणही.

मुंबईच्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल याच्या बरोबर उलट वाटेने जातो, म्हणून तो आजही वाचावा. दंगलीच्या डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन टप्प्यांत ९०० माणसं मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. डिसेंबरचा पहिला भडका बराचसा उत्स्फूर्त होता, रस्त्यावर आलेल्या मुसलमान जमावांना नेता नव्हता, हे आयोगाने मान्य केलं. जानेवारीचं तसं नव्हतं. डोंगरीतल्या माथाडी कामगारांचे खून आणि जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीतलं जळीत ही दोन्ही कृत्यं भीषणच होती. पण त्यांच्या भांडवलावर पुढचे हल्ले संघटितपणे चढवले गेले, असं सांगत आयोगाने शिवसेना आणि तिच्या नेतृत्वावर ठपका ठेवला. पोलिसांच्या पक्षपाताची आणि मंत्रालयातल्या चालढकलीचीही नोंद केली.

या अहवालातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. हल्लेखोरांच्या हातात मतदार याद्या आणि दुकानांच्या याद्या होत्या. मतदार यादी म्हणजे घर क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय. लोकशाहीतला याहून निरुपद्रवी कागद शोधून सापडणार नाही. ती यादी मिळवायला, तिच्यातली नावं चाळायला, चाळीच्या जिन्यावर उभं राहून दार ओळखायला वेळ लागतो, आणि माणूसही थंड डोक्याचा लागतो. संतापलेल्या माणसाला याद्या चाळत बसता येत नाही.

मग सामाजिक कारणं खोटी का? अजिबात नाही, पण ती आपण समजतो त्या जागी नसतात. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्या संपानंतर गिरणगाव पुन्हा उभं राहिलं नाही. बेकार पोरं दंगलीत उतरली, असं यावरून सर्रास म्हटलं जातं. मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. गिरणीत साच्यावर हिंदू-मुसलमान शेजारी शेजारी उभे राहत, आणि पगाराचं भांडण दोघांचं एकच असे. ती जागा गेली. नळाला पाणी, शाळेतला प्रवेश, सही-शिक्क्याचा दाखला यांसाठी दार ठोठवायला वस्तीत उरली ती शिवसेनेची शाखा. पोरांच्या हाताचं काम तर गेलंच, पण भांडायची दुसरी पद्धतही गेली.

लॉस एंजेलिसमध्ये १९९२ साली जे झालं ते वेगळ्या जातीचं. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला पोलिसांनी केलेली मारहाण व्हिडिओवर साऱ्या देशाने पाहिली होती. २९ एप्रिलला ज्युरीने त्या पोलिसांना सोडलं. फ्लोरेन्स आणि नॉर्मंडी या रस्त्यांच्या चौकातून पोलिसांनी काढता पाय घेतला आणि तासन्‌तास ते फिरकले नाहीत. साठाहून अधिक माणसं मेली, कोरियन लोकांची दोन हजारांवर दुकानं लुटली वा जाळली गेली. तिथेही जुना हिशेब होता. वर्षभरापूर्वी संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून एका कोरियन दुकानदार बाईने पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला गोळी घातली होती, आणि दोषी ठरूनही तिला तुरुंगवास झाला नव्हता. पण अटक झालेल्यांत निम्म्याच्या आसपास लॅटिनो होते. त्यांचा त्या हिशेबाशी काय संबंध? लोक बाळाचे डायपरसुद्धा उचलून नेत होते. आज अडवणारं कुणी नाही हे कळलं, एवढं त्यांना पुरलं.

मुंबईत सत्ता काणाडोळा करत होती, लॉस एंजेलिसमध्ये ती आधी अन्याय करून मग पळाली. राग दोन्हीकडे खरा होता, पण राग तर बारमाही असतो. दंगल होते ती त्याला मुभा मिळाली की. दंगलीनंतर सत्ता काय करते, तेही पाहावं. पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे मे १८७५ मध्ये सावकारांवर रयत उठली, गावोगाव कर्जखतं जाळली गेली. इंग्रज सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. परक्या सरकारला चारच वर्षं लागली, कारण त्याला शेतसाऱ्याची काळजी होती. श्रीकृष्ण आयोग तर १९९६ मध्ये युती सरकारने मधेच गुंडाळला, मग पुन्हा जिवंत केला, आणि १९९८ मध्ये आलेले त्याचे निष्कर्ष त्याच सरकारने झिडकारले.

आता भिवंडी. १९८८ पासून तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त होते. त्याआधी ‘शांतता समिती’ म्हणजे दंगल झाल्यावर पोलीस ठाण्यात जमणारी प्रतिष्ठित मंडळी, चहा-बिस्किटं आणि वर्तमानपत्रातला फोटो. खोपड्यांनी मोहल्ला समित्या केल्या. हिंदू आणि मुसलमान साधी माणसं, सोबत त्या भागातले पोलीस, आणि बैठक दंगल नसताना. विषय नळावरचं भांडण, गटार, पोरांची मारामारी. अफवा उठली तर विचारायला ओळखीचा हवालदार असे. आणि गडबड केली तर कोण उचलेल हे गडबड करणाऱ्यालाही ठाऊक असे. पुढे त्यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तकही लिहिलं.

या प्रयोगाची आरती ओवाळायची घाई मात्र करू नये. जुलै २००६ मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याचं बांधकाम निघालं. ती जागा कबरस्तानाची आहे, असा तिथल्या मुसलमानांचा दावा होता. जमाव जमला, गोळीबारात दोघे मेले, रात्री दोन पोलिसांना जमावाने ठार मारलं. हिंदू आणि मुसलमान यांच्यात त्या दिवशी भांडण नव्हतंच. खोपड्यांच्या रचनेत अशा वेळी मध्यस्थी करायची ती पोलिसांनी, आणि या खेपेला एक पक्ष पोलीसच होते.