परत येणाऱ्या विद्यार्थ्याचं काय?

४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकर यांनी बडोदा संस्थानाशी एक करार केला. संस्थान त्यांना तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड देणार होतं आणि शिक्षण संपल्यावर त्यांनी दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची होती. त्या काळात परदेशी शिक्षणासाठी मिळणाऱ्या पैशामागे अशी अट असणं स्वाभाविक मानलं जाई. पैसा ज्याचा, त्याची अपेक्षाही असणारच.

अपेक्षा मात्र एकसारख्या नव्हत्या. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला तो कर्जाच्या रूपात. शिकून आलेल्याने पैसे फेडायचे, म्हणजे पुढच्याला जाता येईल. या निधीच्या पहिल्या मानकरी दोन स्त्री डॉक्टर होत्या आणि त्यांतल्या एक कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, त्यांची अट बडोद्याच्या अटीच्या अगदी दुसऱ्या टोकाची होती: ती घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी धरायची नाही. टिळकांच्या शिफारशीने सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले ते त्याच योजनेतल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. या साऱ्यांत मला टाटांची कल्पना सर्वांत दूरवर पाहणारी वाटते, कारण तिच्यात घेणारा देणाऱ्याशी बांधला जात नाही, आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्याशी बांधला जातो.

तरीही एक गोष्ट या सर्व योजनांच्या विचारकक्षेबाहेर राहिली. विद्यार्थी जाणार कसा, तिथे राहणार कसा, परतल्यावर काम कुणाचं करणार, हे सगळं ठरत होतं. तो परततो तेव्हा इथे त्याला जागा आहे का, हे कुणी विचारत नव्हतं.

आंबेडकरांच्या बाबतीत ते अंगावर येतं. १९१७ मध्ये, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून, करार पाळायला ते बडोद्यात आले. महालेखापालांच्या कचेरीत नेमणूक होती, पण गावात त्यांना खोली देईल असं कुणी नव्हतं. नाइलाजाने पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानेही घरी ठेवून घेतलं नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठीबागेत बसून काढला. अमेरिकेत आणि युरोपात असताना आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या औदार्याबद्दल मला शंका नाही. पण संस्थानाने एका माणसाला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठापर्यंत पोचवलं आणि स्वतःच्या राजधानीत त्याच्या डोक्यावर छप्पर असेल याची व्यवस्था केली नाही, हेही खरं आहे. उलट लंडनच्या विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा त्यांना दिली होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, मित्राकडून घेतलेलं कर्ज आणि स्वतःची बचत यांच्या बळावर १९२० मध्ये ते गेले, आणि ती राखून ठेवलेली जागा कामी आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर पैशाचं रूप बदललं. अमेरिकी सैन्याने जगभर मागे ठेवलेली वाहनं, यंत्रं आणि कोठारं विकायची होती, पण घेणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते. सिनेटर फुलब्राइट यांनी मार्ग काढला: किंमत त्या त्या देशाच्या चलनात घ्यावी आणि ती रक्कम विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करावी. १ ऑगस्ट १९४६ रोजी कायदा झाला, आणि भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० रोजी. फुलब्राइट स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले होते. त्यांच्या योजनेत अमेरिकी माणसंही बाहेर जाणार होती. वाहतूक दोन्ही दिशांनी झाली, हे मोठं पाऊल होतं. नोकरीच्या कराराची जागा आता परस्परांच्या ओळखीने घेतली.

फुलब्राइटच्याच पैशावर रोमची सोफिया कोराडी ही कायद्याची विद्यार्थिनी कोलंबियाला गेली. तिथली पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ मध्ये ती परतली आणि हा अभ्यास रोमच्या पदवीसाठी धरावा, असं तिने विद्यापीठात सांगितलं. कचेरीने तिला सर्वांदेखत झिडकारलं. पदवीसाठी तिला आणखी एक वर्ष घालवावं लागलं. बडोद्यात एका माणसाचं माणूसपण नाकारलं गेलं होतं आणि रोममध्ये एका प्रमाणपत्राचं मोल. या दोन अन्यायांना मी एका मापाने मोजणार नाही. तरी दोन्हीकडे योजना तुटली ती एकाच टप्प्यावर, परतीच्या.

कोराडी त्या अपमानाला चिकटून राहिल्या. इटलीच्या कुलगुरूंच्या परिषदेसाठी काम करताना १९६९ मध्ये त्यांनी टिपण तयार केलं: विद्यार्थ्याने काही काळ दुसऱ्या देशात शिकावं आणि ते शिक्षण मायदेशी धरलं जावं. १९७६ मध्ये युरोपीय समुदायाने विद्यापीठांच्या संयुक्त अभ्यासक्रमांना लहानसं साहाय्य सुरू केलं. खर्चावरून काही मोठे देश अडून बसले होते, त्यातून वाट काढत जून १९८७ मध्ये इरास्मस योजना मंजूर झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आज तिचे लाभार्थी दीड कोटीच्या वर आहेत.

मला या योजनेत अनुदानापेक्षा तिची कागदपत्रं अधिक महत्त्वाची वाटतात. निघण्यापूर्वीच विद्यार्थी, त्याचं विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या होतात. कोणते विषय घेणार आणि त्यांचे किती श्रेयांक इथे धरणार, हे लेखी ठरतं. वर्षाचे ६० श्रेयांक ही मोजणी १९८९ पासून आकाराला आली. यजमान विद्यापीठ शुल्क घेत नाही. परतल्यावर खिडकीपाशी उभं राहून कुणाची मनधरणी करावी लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. अनुदान मात्र राहण्याखाण्याला पुरं पडत नाही. घरून भर घालू न शकणारी मुलं त्यामुळे मागे राहतात, आणि हे दुखणं जुनं आहे. ब्रिटनने इरास्मसमधून बाहेर पडून २०२१ मध्ये स्वतःची ट्युरिंग योजना आणली, तिच्यात पैसा फक्त जाणाऱ्यांना होता, येणाऱ्यांना नव्हता. कल्पना मागेही जाऊ शकते, त्याचं हे उदाहरण.

आपल्याकडे विचार वेगळ्या दिशेने वाढला, आणि त्याचं श्रेय पुन्हा आंबेडकरांकडे जातं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्यासाठी सरकारी निधी मिळवला. महाराजांच्या मर्जीवर मिळालेली गोष्ट त्यांनी राज्यसंस्थेचं कर्तव्य करायला घेतली. केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांतल्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी पाठवलं जातं. ही योजना मी मनापासून मोलाची मानतो आणि ७५ हा आकडा फार लहान मानतो.

पण ती पूर्ण पदवीसाठी आहे. इथलीच पदवी घेताना एखादं सत्र बाहेर शिकून यायची सोय आज मुख्यतः नामांकित संस्थांत आणि ऐपतदार घरांत आढळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांशी जोडून घेण्याचे नियम केले. जुळ्या (ट्विनिंग) पदवीत ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक बाहेरचे चालतात. मात्र त्यासाठी संस्थेला नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण तरी हवेत, राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात स्थान तरी हवं, नाहीतर उत्कृष्टता संस्थेचा दर्जा. नांदेड किंवा गडचिरोलीकडच्या एखाद्या संलग्न महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्या मुलीला उद्या कुणी एका सत्राचा पूर्ण खर्च दिला, तरी तिने तिकडे दिलेले पेपर इथे कोण धरणार? महाविद्यालयाला तो अधिकार नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने ती निघण्याच्या आधी तिची विषयांची यादी पाहून त्यावर सही करावी, यासाठी नव्या कायद्याची वाट पाहत बसायचं कारण मला दिसत नाही. एखाद्या विद्यापीठाने एका विभागापुरती, पाच-दहा विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत सुरू केली, तरी समाजकल्याण विभागाला त्यांच्या एका सत्राचा खर्च मागता येईल.