कॅलेंडरचं पान

पुण्यात सदाशिव पेठेत एक निवृत्त गुरुजी राहत होते. गाण्याचं वेड लहानपणापासूनचं. कुमार गंधर्व, किशोरीताई, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या तबकड्यांनी एक अख्खं कपाट भरलेलं. एका पावसाळ्यात त्यांचा जुना ॲम्प्लिफायर बंद पडला. मुलगा म्हणाला, "बाबा, आता दुरुस्तीच्या नादी लागू नका. चांगलं काहीतरी नवीन घ्या, पैशांचं मी बघतो."

गुरुजी पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. दुकानदाराने त्यांना खुर्चीत बसवलं आणि होम थिएटर रिसीव्हर सुरू केला. पाठीमागून हेलिकॉप्टर आलं, डोक्यावरून घरघरत गेलं आणि समोरच्या पडद्यात शिरलं. गुरुजी थक्क झाले. रिसीव्हरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ७.२ आणि १६० वॅट असं छापलेलं. शेजारी एक इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर होता, स्टिरिओ, म्हणजे दोनच स्पीकर चालवणारा. त्यावर ५० वॅट. किंमत जवळपास तेवढीच. गुरुजींनी मनात हिशेब केला आणि रिसीव्हरचं पत्रक खिशात घातलं.

घरी जाण्याआधी ते आपल्या जुन्या मिस्त्रींकडे डोकावले. मिस्त्रींच्या टेबलावर १९७८ साली बाजारात आलेला एनएडी ३०२० झाकण काढून ठेवला होता, कुणीतरी दुरुस्तीला दिलेला. गुरुजींनी पत्रक पुढे केलं. मिस्त्रींनी चष्मा लावून ते उलटं केलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"गुरुजी, हे बारीक अक्षरातलं वाचलंत? १६० वॅट, पण एकच चॅनल चालू असताना, ६ ओहमला, आणि १० टक्के विकृती धरून. त्याच्यावरची ओळ बघा. दोन चॅनल चालू, ८ ओहम, ८० वॅट. हा आकडा खरा. सातही एकदम चालवले तर प्रत्येकाच्या वाट्याला याहूनही कमी येणार. टाकी एक, नळ सात."

"म्हणजे दुकानदाराने फसवलं म्हणायचं?"

"छे, फसवलं कसलं? पत्रकात सगळं लिहिलंय. सिनेमाला हे यंत्र उत्तमच. पाच-सात ठिकाणचे वेगवेगळे आवाज सांभाळायचे, चित्र पुढे टीव्हीकडे पाठवायचं, माइक लावून खोलीचा आवाज जुळवून घ्यायचा, एवढी कामं ते करतं. पण त्या सगळ्याचे पैसे त्याच किमतीतून जातात. त्या दुसऱ्या ॲम्पमध्ये तेच पैसे दोन चॅनलांवर लागतात. आणि वॅटचं म्हणाल तर वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हा टेबलावरचा एनएडी २० वॅटचा आहे. एवढ्यावर लोकांनी आयुष्यभर गाणं ऐकलं."

"मग मी काय घेऊ?"

मिस्त्री म्हणाले, "खोक्यावर काय लिहिलंय ते मागाहून वाचा. आधी घरात काय वाजतं ते लिहून काढा. एक महिना लिहा आणि मग या."

मला मिस्त्रींची ही अट फार मोलाची वाटते. विकत घेताना आपण स्वतःला जसे हवे तसे रंगवतो: रोज रात्री दिवे मालवून सिनेमा बघणारे, नाहीतर पहाटे उठून भटियार ऐकणारे. घरातलं रोजचं ऐकणं त्या चित्राला विचारून चालत नाही. ते लिहून काढलं तरच दिसतं.

गुरुजींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशेब मांडलेला असे, त्याच चौकटींत खुणा करायला सुरुवात केली. गाणं असेल तर 'गा', सिनेमा असेल तर 'सि'. महिना संपला तेव्हा पान 'गा'ने भरलेलं होतं, 'सि' फक्त दोन रविवारी. गुरुजी खुशीत पान काढायला लागले तर काकूंनी हात धरला.

"अहो, माझ्या मालिका कुठे आहेत यात?"

"मालिका कशाला मोजायच्या? त्या तर टीव्हीवर लागतात."

"आणि मी त्या ऐकत नाही की काय? रोज संध्याकाळी दोन तास टीव्ही चालतो. त्यातलं निम्मं बोलणं मला कळत नाही. परवा तुम्हालाच विचारलं ना, ती सून काय म्हणाली म्हणून?"

गुरुजी गप्प झाले. महिनाभर त्यांनी घराचा म्हणून जो हिशेब लिहिला होता, तो एकट्या त्यांच्या कानांचा होता. त्यांनी पेन उघडलं आणि पहिल्या तारखेपासून प्रत्येक चौकटीत 'मा' लिहीत गेले.

या वेळी मिस्त्रींकडे दोघंही गेले. मिस्त्रींनी पान बघितलं आणि गुरुजींना सोडून काकूंकडेच वळले.

"काकू, हल्लीचे टीव्ही एवढे पातळ असतात की त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवतात. शब्द तुमच्यापर्यंत सरळ पोचतच नाहीत. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन चांगले स्पीकर ठेवा आणि समोर मधोमध बसा. दोन्हीतून सारखाच आवाज आला की बोलणं पडद्यातूनच आल्यासारखं वाटतं. मालिकांना मागचे स्पीकर लागत नाहीत."

"पण मला दोन-दोन रिमोट जमायचे नाहीत."

"नका वापरू. एचडीएमआय एआरसी असलेला स्टिरिओ ॲम्प घेऊ. टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर ठेवायचा, नाहीतर एखाद्या वाहिनीवर ॲम्प मुका बसेल. तबकड्यांसाठी त्याला फोनो आहेच."

असा ॲम्प घरी आला. स्पीकर शोकेसमध्ये कोंबायचा गुरुजींचा बेत होता, तो काकूंनीच मोडला. स्टँडवर, भिंतीपासून हातभर पुढे, दोघांत आणि खुर्चीत सारखं अंतर ठेवून ते लागले. शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या माळ्यावर गेल्या. नातू सुट्टीत आला तेव्हा हेलिकॉप्टर काही डोक्यावरून गेलं नाही, आणि तो तसं बोललाही. गुरुजींनी ते मान्य केलं.

गुरुजींच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक कुटुंब होतं. तीन मुलं, रोज रात्री जेवण झालं की सगळ्यांनी मिळून सिनेमा नाहीतर वेबसिरीज. गुरुजींचं पाहून तिथल्या गृहस्थांनीही स्टिरिओ ॲम्प घ्यायचं ठरवलं. गुरुजींनी त्यांना थांबवलं आणि महिनाभराने पान घेऊन मिस्त्रींकडे पाठवलं. मिस्त्रींनी पान पाहून त्यांना रिसीव्हर घ्यायला सांगितलं.

"सातच्या सात स्पीकर लावू ना?" गृहस्थांनी विचारलं.

"सोफ्याच्या मागे जागा किती आहे?"

"सोफा भिंतीलाच टेकलाय."

"मग पाचच लावा. मधला स्पीकर चांगल्यातला घ्या, सिनेमातलं बहुतेक बोलणं त्यातूनच येतं. बाजूचे दोन सोफ्याच्या दोन्ही कडांना, बसल्यावर कानाच्या थोडे वर. उरलेल्या दोघांचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. आणि सोफा वीतभर पुढे ओढता येतो का, ते आज घरी जाऊन बघा."