काठीचा घोडा आणि वाळूचे घर

मूल वडिलांच्या काठीवर टांग टाकून अंगणभर दौडू लागले की आपण कौतुकाने त्याच्या कल्पनाशक्तीविषयी बोलू लागतो. मारिया मॉन्टेसरी यांना हे कौतुक मान्य नव्हते. १९१६ साली इटालियनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी नेमका हाच दाखला घेतला आहे. त्यांच्या मते काठीचा घोडा ही कल्पनाशक्तीची नव्हे, तर अतृप्त इच्छेची खूण होय; ज्या मुलाला खरा घोडा मिळतो त्याला काठीची गरज पडत नाही. विधान कठोर आहे, पण झटकून टाकावे इतके उथळ नाही. ज्याला आपण मुलाची निर्मिती म्हणून मिरवतो ती त्याची वंचितता तर नव्हे, आणि तसे असेल तर तिचे कौतुक करण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे, असा नैतिक प्रश्न त्यामागे उभा आहे.

१९३९ च्या अखेरीस मॉन्टेसरीबाई थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला आल्या आणि अड्यारच्या वृक्षराजीत त्यांनी शिक्षकांचे वर्ग सुरू केले. पुढच्याच वर्षी इटली युद्धात उतरल्यावर त्यांचे पुत्र मारिओ यांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध व्हावे लागले. महाराष्ट्राशी या इतिहासाचा आलेला हा एक उदास संबंध. अड्यारला बाईंनी शिकवले ते त्यांच्या साधनांचे शास्त्र. पेटीतील प्रत्येक गोल ठोकळ्याला त्याची एकच खोबण. चुकीच्या खोबणीत तो बसत नाही, म्हणून चूक दाखवायला शिक्षिकेच्या भुवया वर जाण्याची आवश्यकता उरत नाही. मुलाचा एवढा आदर करणारी शिक्षणदृष्टी विरळाच. तरीही त्या ठोकळ्याचे भवितव्य आधीच ठरलेले आहे, हे विसरून चालणार नाही. नारळाच्या करवंटीला अशी खोबण नसते. सकाळी ती कढई, दुपारी टोपी, संध्याकाळी कासव. आणि यांपैकी कोणतेच रूप चूक नव्हे.

ज्या शहरात हे वर्ग भरत होते त्याच्या भाषेत या प्रश्नावर पूर्वीच विचार झालेला होता. तमिळमध्ये वाळूच्या खेळघराला ‘सिट्रिल’, म्हणजे इवलेसे घर, असा शब्द आहे. आंडाळच्या ‘नाच्चियार तिरुमोळी’तील एक संपूर्ण दशक या घरांविषयी आहे. मुली वाळूची घरे बांधतात, कृष्ण ती मोडायला येतो, आणि मोडू नकोस म्हणून त्या त्याची विनवणी करतात. पुढे ‘पिळ्ळैत्तमिळ’ या काव्यप्रकारात बालनायकाने सिट्रिल मोडण्याचा प्रसंग हा एक ठरीव टप्पाच झाला. आंडाळच्या मुली आपला खेळ खोटा आहे अशी सबब पुढे करीत नाहीत. दिवसभर वाकून पाठ दुखेपर्यंत आम्ही हे घडवले आहे, असे त्या सांगतात. म्हणजे घरावरचा त्यांचा हक्क श्रमातून आलेला आहे, आणि तो त्या प्रत्यक्ष देवापुढे मांडतात. शिवाय या मुलींना राहायला खरी घरे होतीच. घर नाही म्हणून त्यांनी वाळूचे घर केले, असे म्हणता येत नाही. मॉन्टेसरीबाईंचा घोडा इथे अडतो.

परंतु तो सर्वत्र अडतो असे मानणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘मृच्छकटिक’ देवलांच्या संगीत अवतारामुळे मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. त्याचे नावच मुळी एका खेळण्यावरून आलेले. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आल्यावर मातीच्या गाडीला हात लावीनासा होतो आणि रडू लागतो. त्या क्षणी कोणी रसिक त्याला मातीच्या गाडीची महती समजावू लागला असता तर? शूद्रकाने तसा रसिक आणलेला नाही. वसंतसेना आपले अलंकार उतरवून गाडीत घालते, आणि तेच अलंकार पुढे न्यायालयात चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. वंचिताच्या खेळण्याचे गोडवे गाणे आणि ते सोन्याने भरणे, हे दोन्ही प्रौढांचेच उपाय. मुलाला विचारून त्यांपैकी एकही झालेला नाही.

म्हणूनच बोर्डीचा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉन्टेसरी पद्धतीचे काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि शहरी बालमंदिरातील महागडी साधने या गावात, पुढे कोसबादच्या टेकडीवरील वारली पाड्यांत, परवडणारी नाहीत हे दोघींनी ओळखले. शिंपले, बिया, खडे, पाने यांनी ती जागा घेतली. हे केवळ काटकसरीचे तत्त्वज्ञान नव्हते. मुलाच्या अंगणातली वस्तू शाळेत आली म्हणजे मुलाबरोबर त्याचे अंगणही प्रतिष्ठित होते, अशी त्यामागची धारणा असावी. अर्थात चिंचोका गणतीसाठी वर्गात आला की त्यालाही खोबण मिळतेच. पण वर्ग सुटल्यावर तो पुन्हा चिंचोका होऊ शकतो. ठोकळ्याला ती सोय नाही.

आज चेन्नईतल्या काय आणि पुण्यातल्या काय, सुशिक्षित घरांत पळी, गाळणे, रिकामे डबे, दोऱ्याची रिळे मुलापुढे मांडण्याचा सल्ला मोठ्या उत्साहाने दिला जातो. सल्ला चांगला आहे. चिंचोका नाकात जाऊ नये एवढी नजर ठेवली म्हणजे झाले. मला खटकते ती त्याला जोडलेली फलश्रुती: याने बोटांचे स्नायू बळकट होतील, त्याने शब्दसंग्रह वाढेल. वाढेलही. व्रतकथेच्या शेवटी फलश्रुती शोभते. खेळाच्या आरंभी ती सांगितली की मोठ्या माणसाचा डोळा खेळावरून फळावर जातो, आणि मुलाला ते लगेच कळते. सृष्टीच्या मागे प्रयोजन नाही, ती केवळ लीला, असे ब्रह्मसूत्रांनी म्हटले आहे. जी सवलत आपण ईश्वराला निःशंकपणे दिली ती तीन वर्षांच्या पोराला द्यायला कचरतो.

नवरात्रात मैलापूरच्या घरांतून कोलु मांडतात. विषम संख्येच्या पायऱ्यांवर देव, कलश, वाण्याचे दुकान, लाकडी जोडपे यांच्या जागा बहुधा ठरलेल्या. पिढीजात बाहुल्यांना मुलांचा हात लागू देत नाहीत. मात्र पायऱ्यांच्या तळाशी जमिनीवर मुलांनी बाग करायची असा प्रघात आहे. तिथे वाळूचे डोंगर होतात, नाचणीचे किंवा मोहरीचे कोंब हिरवळ म्हणून वाढवतात, आणि जुना आरसा तळे होतो. एका घरी मी पाहिले, चार-पाच वर्षांच्या मुलीने त्या आरशावर चमचे उपडे निजवून ठेवले होते. आजीला तळे हवे होते; तिने प्लास्टिकचे बदक आणून मधोमध ठेवले. मुलीने क्षणभर बदकाकडे पाहिले, त्याच्यावर करवंटी उपडी घातली आणि पुढचा चमचा निजवला.