मण्यावरचा हात

तानपुऱ्याची जोडाची तार उतरली तेव्हा गायक बोलत होते.

आषाढातली गोष्ट. पुण्यातल्या एका लहानशा सभागृहात अभंगांचा कार्यक्रम होता. माझी भाची मागे तानपुऱ्यावर बसणार होती, म्हणून मी मुद्दाम गेलो होतो. तीन अभंग चांगले झाले. चौथ्याआधी गायकांनी डोळे मिटले, हात जोडले आणि वडिलांच्या आजारपणाची हकिगत सुरू केली. दवाखान्याचा जिना, डॉक्टरांनी सोडलेली आशा, खिशातली तुळशीची माळ, विठ्ठलाला घातलेलं साकडं, आणि त्या रात्री जिन्यावर बसल्या बसल्या सुचलेली ही चाल. सतरा मिनिटं गेली. मागे तानपुरा चालूच होता. मध्येच जोडातली एक तार किंचित खाली आली. भाचीचा हात घोडीखालच्या मण्याकडे गेला, तिथे थांबला, आणि मणी न सरकवताच परत आला. हकिगत संपली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळे पुसले. मग उतरलेल्या तारेवर अभंग सुरू झाला. पहिली ओळ संपल्यावर कुठे तिने मणी सरकवला.

घरी येताना मी तिच्यापाशी चिडचिड केली. म्हटलं, टाळ्या गाण्याआधीच पडल्या, मग गाणं ऐकलं कुणी? ती रिक्षाच्या बाहेर बघत म्हणाली, "मामा, तुला त्रास कशाचा झाला? त्यांनी गोष्ट सांगितल्याचा, की गोष्ट खरी असल्याचा?"

त्या प्रश्नाने माझे पुढचे काही आठवडे खाल्ले.

कलावंताच्या आयुष्याशी आपल्याला काय करायचंय, कलाकृती स्वतंत्र असते, हे सगळं वाचकांनी पुष्कळ वाचलेलं आहे. त्यात मी शिरत नाही. मला टोचत होतं ते वेगळंच. रंगमंचावरून आपली श्रद्धा आणि आपलं दुःख सांगणाऱ्या गायकावर मी विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? भीमपलास बेसुर झाला तर मला कळतं. दुःख बेसुर झालं तर ते मला कशावरून कळणार?

माझं बालपण अहमदनगरला गेलं. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा माझा जिवलग मित्र, आणि नाताळाच्या आगेमागे मी त्याच्याबरोबर चर्चमध्ये जायचो. तिथे 'उपासना संगीत' या पुस्तकातली गाणी म्हणायचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी गाणी त्यात आहेत, अगदी अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाची. एकदा छापखान्यात काम करणारे एक गृहस्थ साक्ष द्यायला उभे राहिले. मराठी ख्रिस्ती माणसं 'साक्ष' हाच शब्द वापरतात. ते चार वाक्यं बोलले असतील. दारू होती, घरात मारझोड होती, आता नाही, आणि हे कुणामुळे थांबलं ते. मग एक गाणं म्हटलं, तेही सुरात नव्हतं. पण मला आठवते ती दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसलेली त्यांची बायको. साक्ष चालू असेपर्यंत तिने नवऱ्यावरची नजर काढली नाही. एक शब्द जरी खोटा निघाला असता, तरी त्या खोलीत तो पकडणारं माणूस हजर होतं.

तेव्हापासून हकिगत आणि साक्ष हा फरक माझ्या डोक्यात घर करून आहे. दोन्हींत माणूस स्वतःबद्दलच बोलतो. पण हकिगत अनोळखी लोकांना सांगता येते. साक्ष मात्र ज्याला उलटतपासणी करता येईल त्याच्यासमोरच देता येते. तिकीट काढून आलेल्या तीनशे लोकांत गायकाच्या वडिलांना ओळखणारं कोण होतं? म्हणून ती हकिगत. असा माझा निकाल लागला, आणि मी तो भाचीला फोनवर ऐकवला.

तिने वाद घातला. तिचं म्हणणं असं की आजच्या श्रोत्याच्या हातात दार उघडायला काहीतरी द्यावं लागतं. राग कळत नाही, घराणं कळत नाही, अभंगाचा पंथ कळत नाही. माणूस मात्र कळतो. तिने दाखला दिला कुमार गंधर्वांचा. क्षयाने त्यांचं गाणं पाच-सहा वर्षं बंद होतं, देवासला ते अंथरुणावर होते, एक फुप्फुस निकामी झालं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्यांची निर्गुणी भजनं वेगळी ऐकू येत नाहीत का?

येतात. पण माझं भांडण तिथेच आहे. ही गोष्ट कळली की माणूस कुमारांच्या प्रत्येक तुटक जागेत श्वास मोजायला लागतो. गाण्यातला एखादा झटका, मध्येच सोडलेली जागा, एकदम वर फेकलेला तार सप्तकातला स्वर, या सगळ्याचं कारण फुप्फुसात सापडतं, आणि मग कानाला काही शोधायचं उरत नाही. त्यांनी देवासच्या मुक्कामात माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, नाथपंथी जोग्यांच्या भजनांतला तो कोरा, न नटलेला उच्चार उचलला, त्यांतून राग बांधले, १९६५ साली 'अनूपरागविलास' काढलं. हे कष्ट आजारपणाने केलेले नाहीत. आजारात माणसं गप्प होतात, बहुतेक गप्पच राहतात. कुमारांच्या गाण्याचं श्रेय क्षयाला देणं मला अन्यायाचं वाटतं, आणि श्रद्धेने ऐकणारेच तो अन्याय सर्वांत जास्त करतात.

एवढ्यावर मी जिंकलो असं मला वाटलं होतं. पण तुकोबा आडवे आले.

मराठी माणसाने गाण्यातून आत्मचरित्र सांगू नये असं म्हणायचं म्हणजे पहिल्यांदा देहूला जाऊन सांगावं लागेल. वाण्याचा धंदा, १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, बुडालेलं दुकान, अन्नावाचून गेलेली बायको, गावात गेलेली पत, मग देवाकडे वळलेलं मन, हे सारं तुकोबांनी एका अभंगात स्वतः सांगितलेलं आहे. संत बहिणाबाईंनी आत्मनिवेदनाचे कितीतरी अभंग लिहिले. आणि कीर्तन काय आहे? नारदीय कीर्तनात पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, बोलणं आणि गाणं एकाच श्वासात चालतं. बुवा निरूपणाला थांबले म्हणून टाळकरी कधी रागावलेले नाहीत. मग माझी ही निःशब्द, शुद्ध गाण्याची हौस आली कुठून? ती तर माझ्या आजोबांच्या आजोबांना परकी वाटली असती.

इथे थोडं आडवळण घेतो. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं, त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. नामा, तुका, जनी, चोखा. आपण ती सहीसारखी ऐकतो आणि पुढे जातो. पण १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जानने ध्वनिमुद्रण केलं तेव्हा प्रत्येक तबकडीच्या शेवटी तिला आपलं नाव मोठ्याने सांगायला लावलं होतं, कारण तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला दाबल्या जात आणि तिथल्या कामगारांना लेबल लावायला कुणाचं गाणं ते कळायला हवं होतं. गाणं संपतं, आणि एक बाई ठसक्यात आपलं नाव सांगते. व्यवहाराची गरज होती, पण ऐकताना अंगावर काटा येतो. मी इथे होते, मी गायले, एवढंच ते म्हणणं आहे. नाममुद्रेत साक्ष देणाराची सही असते. चोख्याच्या सहीत तर त्याची जात, त्याचं वेशीबाहेरचं घर, देवळाच्या पायरीपर्यंतच पोचणारा त्याचा हात, सगळं दोन अक्षरांत उभं राहतं. त्याला निवेदकाची गरज नाही.

मिरजेला आणखी एक रीत आहे. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणारे येतात आणि हजेरी लावतात. ती हजेरी कुणी उघडून सांगायची नसते. माणूस येतो, गातो, जातो. मोठ्या आजारातून आपण उठलो ते या दर्ग्याच्या कृपेने, अशी अब्दुल करीम खाँसाहेबांची श्रद्धा होती, असं तिथली माणसं सांगतात. २७ ऑक्टोबर १९३७ ला पाँडिचेरीला जाताना त्यांना गाडीत अस्वस्थ वाटायला लागलं, सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि फलाटावरच गेले. शेवटची प्रार्थना त्यांनी दरबारीत म्हटली असं सांगतात. त्यांची मजार मिरजेत दर्ग्याच्या आवारातच आहे. त्यांचा 'जमुना के तीर' ऐकताना या श्रद्धेबद्दल एक अक्षरही तबकडीवर नाही, आणि मला कधी ते कमी पडलं नाही.

हा मिरजेचा दाखला माझ्या बाजूने फार भारी होता. भाचीने तो ऐकून घेतला आणि एकच विचारलं. "खाँसाहेब गप्प राहिले ते त्यांच्या मर्जीने. मोगूबाई कुणाच्या मर्जीने गप्प राहिल्या?"

मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली गोव्यातल्या कुर्डीला जन्मल्या. आई लहानपणीच गेली. नाटक कंपन्यांत कामं केली, पुढे अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं झगडल्या, गंडा बांधायला १९३४ उजाडलं. कलावंत घराण्यातल्या बायकांना त्या काळात मैफिलीत टाळ्या मिळायच्या आणि मैफील संपल्यावर मागल्या दाराची वाट मिळायची. आपल्या आईला कार्यक्रमांच्या गावी कसं वागवलं जाई ते लहानपणी पाहिल्याचं मोगूबाईंच्या मुलीने, किशोरी आमोणकरांनी, मुलाखतींतून सांगितलेलं आहे, आणि पुढे आयोजकांशी त्या ज्या करडेपणाने वागल्या त्याचं मूळ तिथेच असल्याचंही. मोगूबाईंनी रंगमंचावरून हे सांगितलं असतं तर? समोर बसलेल्या प्रतिष्ठितांनी ते ऐकून घेतलं असतं का? 'गाण्यालाच बोलू द्या' हे सुंदर वाक्य त्या बायकांना कुणी शिकवलं, आणि त्यात सोय कुणाची होती?

या प्रश्नापुढे माझा हकिगत-साक्षीचा फरक तोकडा पडला, हे मला कबूल करावं लागलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची शांतता आणि मोगूबाईंची शांतता कानाला सारखीच येते, पण एक निवडलेली आहे आणि दुसरी लादलेली. स्वतः अल्लादिया खाँसाहेबांनी म्हातारपणी आपलं आयुष्य नातवाला सांगितलं, त्याने ते लिहून घेतलं. आमलेट्याला असताना गाऊन गाऊन आवाज बसला आणि पहिला लागाव परत आला नाही, हे त्यात आहे. त्या जड झालेल्या आवाजाला पेलेल अशी वळणाची, अडवून सोडवलेली लय त्यांनी पुढे घडवली आणि तिचं जयपूर घराणं झालं. ही हकिगत कळल्यावर जयपूर गायकीतली तान मला स्वस्त झाली नाही, उलट तिच्यातली मेहनत दिसायला लागली. कारण खाँसाहेबांना कुणीतरी विचारलं. शेजारी बसून, वेळ काढून, वही घेऊन विचारलं. मोगूबाईंच्या पिढीतल्या किती जणींना कुणी असं विचारलं?

आणि तुकोबांचा तोच अभंग मी पुन्हा काढून वाचला. इतकी वर्षं माझं लक्ष दुकानाकडे आणि दुष्काळाकडे होतं. पण त्यात ते आधीच सांगून ठेवतात की हे बोलू नये. तुम्ही संतांनी विचारलंत, तुमचा शब्द मोडवत नाही, म्हणून सांगतो. माझा सगळा वाद त्या एका संकोचात होता आणि मला तो दिसला नव्हता. मी इतके दिवस सांगणाराला तपासत होतो. तुकोबा बोट दाखवतात विचारणाराकडे. कुणी प्रेमाने, जाणकारीने विचारलं की आयुष्य सांगणं गाण्याच्या पोटात बसतं. कुणी विचारतच नाही तेव्हा माणसाला ते तीनशे अनोळखी लोकांसमोर मांडावं लागतं, आणि मग त्यातली तार उतरते. त्या सतरा मिनिटांना जबाबदार असलेल्या लोकांत मी पण होतो. मी त्या गायकांना तीन वर्षं ओळखतो. भाचीला शिकवणीला सोडायला जातो, नमस्कार करतो, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलतो. वडील कसे आहेत, हे मी एकदाही विचारलेलं नाही.

कुर्डी आता पाण्याखाली आहे. साळावली धरणात गाव गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की महिनाभर ते वर येतं. सोमेश्वराचं देऊळ, भेगाळलेली जमीन, आणि मोगूबाईंच्या घराचे अवशेष. जुनी माणसं लांबून येतात, कुठे कुणाचं दार होतं ते एकमेकांना दाखवतात. पाऊस सुरू झाला की परत सगळं बुडतं.

गेल्या रविवारी भाची घरी आली तेव्हा मी तिला तारेबद्दल विचारलं. ऐकू आली होती ना? मग हात मण्यावर नेऊन परत का घेतलास?

ती तानपुऱ्याच्या गवसणीची नाडी बांधत होती. म्हणाली, "ती गोष्ट मी अकरा कार्यक्रमांत ऐकलीय, मामा. दर वेळी गुरुजी त्यातलं एक गाळतात. मला ते माहीत आहे, कारण त्या रात्री दवाखान्यात डबा घेऊन मीच गेले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी ते सांगायला सुरुवात केली. मणी सरकवला असता तर स्वर हलला असता, आणि ते थांबले असते."

म्हणजे त्या रंगमंचावर, गायकाच्या पाठीमागे, खरं-खोटं जाणणारं कुणीतरी बसलेलं होतं. मी सभागृहात शोधत होतो.

"काय गाळतात ते?" मी विचारलं.

"ते तू त्यांनाच विचार," ती म्हणाली.

गुरुवारी तिची शिकवणी आहे. सोडायला मीच जाणार आहे.