प्रेक्षक आणि पोशिंदा

शेती हा नुसता पाहण्याचा विषय होऊ शकतो का? प्रश्न वरवर भाबडा वाटेल. कारण यात्रेत बैल पाहणे ही आपल्या समाजाची जुनी हौस आहे. परंतु पुसेगावच्या वा माळेगावच्या बाजारात बैलाभोवती उभा राहणारा माणूस बहुधा स्वतः औत धरणारा असतो. तो दात पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो. त्याच्या पाहण्याला पुढच्या हंगामाची काळजी चिकटलेली असते. ज्याला काहीच जुंपायचे नाही, अशा माणसाने शेतीच्या प्रदर्शनात एक दिवस रमावे, ही गोष्ट निराळी आहे. तिच्या नैतिक स्वरूपाचा विचार करावा लागतो.

त्यासाठी चंदीगडसारखे दुसरे स्थळ नाही. भारतीय उद्योग महासंघाचे द्वैवार्षिक कृषी-प्रदर्शन १९९४ पासून या शहराशी निगडित आहे. सेक्टर सतरामधील परेड ग्राउंडवर ट्रॅक्टर, कापणीयंत्रे, सिंचनाची साधने मांडली जातात. शेतकरी किंमत विचारतो; शहरातील कुटुंब मुलाला ट्रॅक्टरच्या आसनावर बसवून छायाचित्र घेते. १९५० च्या दशकात ल कॉर्बुझिएच्या आराखड्याप्रमाणे जिथे हे नगर वसले, तिथे त्यापूर्वी खेडी होती, त्यांची शेते होती, आमराया होत्या. म्हणजे शेतीचा हा गौरव शेते मोडून वसलेल्या नगरातच होतो.

स्पेनमधील सेव्हिल शहराचा एप्रिल मेळा १८४७ साली सुरू झाला तो गुराढोरांचा बाजार म्हणून. पुढे त्यात नृत्य, संगीत, रंगीत तंबू आणि घोडागाड्यांची मिरवणूक यांना महत्त्व आले, आणि जनावरांचा सौदा मागे पडून नाहीसा झाला. यात कोणाचा अपराध नाही. आनंद हे पाप नव्हे. तथापि ज्याच्या गरजेतून बाजार उभा राहिला, तो माणूस उत्सवाच्या केंद्रातून न कळत बाजूला सरला. उलट महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतपिकांच्या व औत हाकण्याच्या परीक्षा घेऊन शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, असा विचार मांडला होता. तिथे मधोमध उभा आहे तो शेतकरी. प्रेक्षक असलाच तर साक्षीदार म्हणून.

मग नगरवासीयाने शेती पाहूच नये काय? तसे नव्हे. न पाहण्यापेक्षा पाहणे केव्हाही बरे. मात्र कुतूहल आणि आदर यांत एक अंतर आहे. कुतूहलाला प्रवेशपत्रापलीकडे किंमत मोजावी लागत नाही. आदराला मोजावी लागते. ही किंमत कोणती, हे प्रदर्शनातल्याच एका यंत्रावरून समजून घेता येईल.

भाताच्या कापणीनंतर पंजाबात उरलेला पेंढा जाळला जातो, आणि उत्तरेकडील शहरांचे आकाश धुराने काळवंडते. शहर शेतकऱ्याला दोष देते. परंतु भूजल वाचवण्यासाठी २००९ च्या कायद्याने १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. त्यामुळे कापणी लांबली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी मिळणारे दिवस आणखी थोडे उरले. पाणी राखण्याच्या सद्हेतूने धुराला हातभार लावला. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या सहकार्याने विकसित केलेले ‘हॅपी सीडर’ हे यंत्र पेंढा न जाळता त्यातच गहू पेरते. पण त्याला ताकदीचा ट्रॅक्टर लागतो, आणि वर्षातील थोडे आठवडे सोडले तर ते उभेच राहते. लहान शेतकऱ्याला आगपेटी स्वस्त पडते.

आणि हा तांदूळ पंजाबी माणसाच्या ताटात फारसा नसतोच. तो सरकारी खरेदीतून केंद्रीय साठ्यात जातो आणि देशभरच्या शिधावाटप दुकानांत पोचतो. म्हणजे त्या धुरात खाणाऱ्याचाही वाटा आहे. मराठी मुलखातला खाणाराही त्याला अपवाद नाही. प्रदर्शनात यंत्राची वाखाणणी करणाऱ्याने हा वाटा उचलावा काय, त्या यंत्रासाठी धान्याच्या भावात वा करात चार पैसे अधिक द्यावेत काय, हा खरा नैतिक प्रश्न आहे. ‘होय’ म्हणणारा प्रेक्षक राहत नाही. तो व्यवहारातला भागीदार होतो. ‘नाही’ म्हणणाऱ्याचे कौतुक खोटे असते असे नाही, ते फक्त अपुरे असते.

पोशिंदा हा शब्द आपण फार सहज उच्चारतो. ज्याने पोसले त्याच्याशी पोसल्या गेलेल्याचे नाते ऋणाचे असते, आणि ऋण टाळ्यांनी फिटत नाही. दिवसभर मेळ्यात रमावे, मुलांना यंत्रे दाखवावीत. त्यात गैर काही नाही. त्या रमण्याला अर्थ किती होता, याचा निवाडा मात्र मैदानाबाहेर होतो: धान्याचे भाव चढतात तेव्हा, आणि धूर खिडकीशी येतो तेव्हा.