ओळख कोणी कोणाला पटवायची?

पालघरचं नाव देशभर दोनदा गाजलं, आणि दोन्ही वेळा त्या बातमीत फोन होता, धर्म होता आणि पोलीस होते.

पहिली वेळ नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद झाली, आणि असा बंद कशाला, या अर्थाचं मत पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं. मैत्रिणीने ते ‘लाईक’ केलं. जमावाने मत लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि पोलिसांनी या दोघींना अटक केली. त्यांच्यावर लावलेली कलमं पाहण्यासारखी आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ होतंच, शिवाय सुरुवातीला २९५ अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याचं कलमही होतं. बंदविषयीच्या मतात धर्म कुठून आला, हे त्या दिवशी पोलीस ठाण्यात कोणी विचारलेलं दिसत नाही. पुढे २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६६ अ रद्द केलं आणि पालघर कायद्याच्या पाठ्यपुस्तकात गेलं.

दुसरी वेळ १६ एप्रिल २०२० ची रात्र. टाळेबंदी होती. कांदिवलीहून दोन साधू गुरूच्या अंत्यविधीसाठी सुरतेला निघालेले, सोबत गाडीचा चालक. हमरस्ता सोडून ते आतल्या रस्त्याने दादरा-नगर हवेलीच्या हद्दीकडे गेले. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ वनखात्याच्या नाक्यावर गाडी अडली, जमाव वाढत गेला, आणि पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांचाही जीव घेतला गेला. मुलं पळवणारी, किडन्या काढणारी टोळी फिरतेय, अशी आवई त्या भागात कित्येक दिवस उठलेली होती.

पुढे जे झालं ते या जिल्ह्याबाहेर झालं. मारणारे अमुक धर्माचे होते, तमुक पक्षाचे होते, मिशनऱ्यांनी भडकावलेले होते, असे संदेश देशभर फिरले. एका चित्रफितीत कुणीतरी मुसलमान नाव घेऊन ‘मार’ म्हणतंय, असं लाखोंनी ऐकलं. तपासल्यावर ते ‘ओय, बस’ असं निघालं. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्यांची यादीच जाहीर करावी लागली आणि त्यात एकही मुसलमान नाही, असं सांगावं लागलं. म्हणजे पाड्यावरचा अडाणी माणूस अफवेला बळी पडला, असं म्हणत शिकलेला देश स्वतः एका अफवेला बळी पडत होता. फरक एवढाच की त्याच्या हातात दगड नव्हता.

या दोन घटना जोडून ‘सोशल मीडियाने माथी भडकवली’ असं म्हणणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही, आणि त्याला कारण एक तारीख आहे. एखादा संदेश फार वेळा पुढे गेलेला असेल तर तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा निर्बंध व्हॉट्सअ‍ॅपने ७ एप्रिल २०२० रोजी लावला. गडचिंचल्याच्या नऊ दिवस आधी. त्याआधी, २०१८ मध्ये, भारतासाठी पाचांची मर्यादा आली होती. तीही एका मोठ्या हत्याकांडानंतर: १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं होतं. तंत्राने आपल्या परीने दार लोटून घेतलं, तरी गडचिंचलं झालंच. कारण पाड्यावरून पाड्यावर बातमी जायला फोन लागतोच असं नाही. रात्रीच्या गस्ती चालू होत्या, आणि गस्त घालणारी माणसं एकमेकांशी बोलतात.

राईनपाडा आणि गडचिंचले शेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. दोन्हीकडे मेलेल्यांत भिक्षेकरी वा संन्यासी होते. परक्या गावात शिरताना ज्यांचा वेष हाच त्यांचा परवाना होता, अशी ही माणसं. गोसावी, वासुदेव, नंदीबैलवाला यांना कोणी कागद मागितला नाही. झोळी आणि कपडे बघून बाया सुपात धान्य घेऊन यायच्या. धर्माचं एक फार जुनं काम अनोळखी माणसाला वेशीच्या आत घेण्याचं होतं, आणि आपल्या धर्मचर्चेत त्याची नोंद क्वचितच होते.

डहाणू भागात हे काम दर चैत्रात दिसतं. गडचिंचले ज्या कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं त्याच मुलखात, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते आणि पुढे पंधरा दिवस चालते. वाघाडीच्या सातवी घराण्याकडे गडावर ध्वज लावण्याचा मान आहे. आदिवासी, कोळी, मांगेले, गुजराती व्यापारी, सुरतेकडचे भाविक असे सगळे त्या रस्त्याने येतात. मिरची-मसाल्याची खरेदी होते, पाळणे लागतात, पोरापोरींच्या सोयरिकी ठरतात. २०२० साली चैत्री पौर्णिमा ८ एप्रिलला होती. एरवी १६ एप्रिलच्या रात्री महामार्गापासून आतपर्यंत परकी माणसं आणि परक्या गाड्या असत्या, आणि त्यांच्याकडे कोणी मान वळवून पाहिलं नसतं. त्या वर्षी जत्रा बंद होती. जत्रा भरली असती तर ते तिघे वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही. पण वर्षातला जो पंधरवडा परक्यांचा, त्याच पंधरवड्यात परका दिसणं हाच गुन्हा ठरला, हे विसरता येत नाही.

परक्याची भीती इथे आकाशातून पडलेली नाही. वारल्यांच्या आठवणीत परका आला तो जमीन घ्यायला, वेठबिगारी लावायला. लग्नाला घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबायचं, याला इथे ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते या जाचाविरुद्ध. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मराठी वाचकाला ठाऊक आहे. तो इतिहास संपला असं समजण्याचं कारण नाही. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग आणि आता ७६,२०० कोटींचं वाढवण बंदर: सगळ्यांच्या वाटा याच जिल्ह्यातून जातात. तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावंच्या गावं उठली. चारचाकीतून माणसं उतरतात, तिपाई उभी करतात, खुणेचे दगड रोवून जातात. ते कोण, कुणाकडून आले, हे पाड्याला कळतं ते बहुधा नोटीस आल्यावर.

आता याच पाड्यावरच्या बाईकडे उलट बाजूने पाहा. तिला स्वतःची ओळख किती वेळा पटवावी लागते? रेशन दुकानात यंत्रावर अंगठा. आवणीच्या दिवसांत चिखलात आणि उन्हाळ्यात वीटभट्टीवर झिजलेली बोटं ते यंत्र ओळखत नाही. दुकानदार म्हणतो, दुसरं बोट लाव. मग ओल्या फडक्याने पूस. मग थांब, रेंज गेली. बायका भिंतीच्या सावलीत बसून राहतात. दिवसाची मजुरी बुडते ती कुठल्याच हिशोबात नाही. रोजगार हमीवर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून. फोटो चढला नाही तर हजेरी अडते. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधार जोडलेल्या खात्यावरच. ‘लाडकी बहीण’साठी पुन्हा केवायसी. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबं भिवंडी-वसईकडे भट्ट्यांवर ‘जगायला’ जातात, तेव्हा पोरांची शाळा मागे राहते, आधार मात्र पिशवीत सोबत जातं.

डिजिटल बदलाने या जिल्ह्यात ओळख एकाच दिशेने वाहायला लावली, असं माझं म्हणणं आहे. गरिबाने सरकारला दहादा पटवून द्यायचं की मी मीच आहे. सरकारने, कंपनीने, सर्वेवाल्याने गरिबाला पटवायची सोय कुठेच नाही. गाडी अडवून ‘तुम्ही कोण?’ म्हणणाऱ्या जमावाच्या हातातला दगड निव्वळ निषेधार्ह आहे, पण तो प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर द्यायची व्यवस्था आपण उभी केलेली नाही.

मे २०२१ मध्ये याचा कळस झाला. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांना लस खुली झाली, पण नोंदणी फक्त कोविनवर. ज्यांच्याकडे वेगवान फोन त्यांनी जागा पटकावल्या, आणि पालघरच्या ग्रामीण केंद्रांवर मुंबई-वसईकडच्या माणसांच्या गाड्या येऊन उभ्या राहू लागल्या. गडचिंचल्याला एक वर्ष झालं होतं. त्याच काळात लस घेतल्याने माणूस मरतो, ही आवई पाड्यांवर होती. लशीचं मोल पटवायला कोणी नाही आणि रांगेत सगळे परके, असं दृश्य पाहून आवईला बळ मिळालं असेल तर नवल नाही.

ज्यांच्या शब्दावर पाडा विसंबायचा ते जुने मध्यस्थ सगळे चांगले होते असं मात्र नाही. भगताच्या शब्दावर बाईला भुताळी ठरवून हाल केल्याच्या कथा याच मुलखातल्या आहेत. १९९२ साली जव्हारकडच्या वावर-वांगणीला मुलं कुपोषणाने दगावत होती, तेव्हा भगताचा अंगारा कामाला आला नाही आणि सरकारही वेळेवर पोचलं नाही. तरी भगत किंवा लग्न लावणारी धवलेरी यांच्यात एक गुण होता: त्या शब्दाला चेहरा होता. वारल्यांच्या लग्नात चौक लिहिला जातो आणि धवलेरी गाऊन देव बोलावते, तेव्हा तिचं चुकलं तर तिला तोंडावर सांगणारी माणसं समोर बसलेली असतात. आता मांडवात डीजे असतो आणि धवलेरीचा आवाज त्यात बुडतो, यावर गळा काढणारे बहुतेक लोक लग्नाला आलेले नसतात. पोरांना डीजे आवडतो, तारप्याचा सूर त्यावर चढवलेली गाणी ते स्वतः बनवतात, यूट्यूबवर टाकतात. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, पालघर आणि डहाणूच्या रस्त्यांवर जो उत्साह असतो त्यात या गाण्यांचा वाटा आहे. फोनने इथल्या तरुणांना ‘आम्ही कोण’ हे म्हणायची जागाही दिली. वारली चित्रं कपांवर, पडद्यांवर, विमानतळांच्या भिंतींवर कोणीही काढत होतं, तेव्हा आदिवासी युवा सेवा संघाच्या शिकलेल्या पोरांनी पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. इथे ओळख उलट दिशेने वाहिली: जगाने वारल्यांना विचारायचं होतं, हे कोणाचं?

बोईसरला चित्र निराळं आहे. तिथे सगळेच परके, म्हणून कोणीच परका नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची माणसं शिफ्ट करतात, एका खोलीत दोन पाळ्यांचे लोक आळीपाळीने झोपतात. पगार यूपीआयने गावी जातो, सत्यनारायण व्हिडिओ कॉलवर होतो, छठला तळ्याकाठी जागा धरली जाते. धर्म तिथे एकटेपणावरचा उतारा आहे, आणि तेवढ्यापुरता तो मला आदरणीय वाटतो. पण त्याच खोल्यांमध्ये गावाकडच्या ग्रुपवरचं विषही येतं, आणि शेजारच्या खोलीतला माणूस कोण, हे ठेकेदाराखेरीज कोणी सांगू शकत नाही. कारखान्यात स्फोट झाला की पहिला प्रश्न असतो आत किती होते. कंत्राटी मजुरांच्या बाबतीत त्याचं उत्तर मिळायला वेळ लागतो. कारखान्याच्या दारावरच्या बोटं ओळखणाऱ्या यंत्राला मजुराचं नाव माहीत असतं, वस्तीला नसतं.

हे फक्त इथलं नाही. म्यानमारमध्ये २०१४ साली मोबाइलचं सिम एकाएकी कवडीमोल झालं. त्याच वर्षी जुलैत मंडालेमध्ये फेसबुकवरच्या एका खोट्या आरोपावरून बौद्ध-मुसलमान दंगल झाली, माणसं मेली, संचारबंदी लागली. २०१८ मध्ये फेसबुकने कबूल केलं की आपलं व्यासपीठ हिंसेला वापरलं जाऊ नये म्हणून आपण पुरेसं केलं नाही. तिथेही फोन पोचला तेव्हा त्यावरचं खोटं उघडं पाडू शकेल असा, लोक ज्याचं ऐकतात असा अधिकारी, शिक्षक, वार्ताहर गावात नव्हता. आपल्याकडे स्वस्त डेटा सप्टेंबर २०१६ मध्ये जिओबरोबर आला, आणि ‘डिजिटल साक्षरता’ म्हणजे बटणं कुठली दाबायची एवढंच आपण शिकवलं.

गडचिंचल्याबाबत मला सर्वांत जास्त खटकतं ते दोन दिवसांचं अंतर. १४ एप्रिलला याच कासा भागात धान्यवाटपाला आलेल्या एका डॉक्टरवर आणि पोलिसांवर हल्ला झाला होता. म्हणजे आवई काय आहे, गस्ती कुठे आहेत, परकी गाडी दिसली की काय होतं, हे सगळं उघड झालं होतं. प्रत्येक गावाला पोलीस पाटील आहे, आशाताई आहे, पेसा कायद्याने मिळालेली ग्रामसभा आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका, असा कार्यालयीन मराठीतला संदेश व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकून भागणारं नव्हतं. मधल्या दोन दिवसांत पाड्या-पाड्यावर ओळखीचं माणूस पायी जाऊन बसायला हवं होतं. १६ तारखेला गावच्या सरपंचबाई जमावाला आवरायला पुढे झाल्या आणि त्यांनी त्याला बराच वेळ थोपवूनही धरलं. त्यांच्या मागे उभं राहायला, पाडे ओळखणारी आणखी दहा माणसं नव्हती. नंतर जिल्ह्यात कॅमेरे वाढले, सायबर कक्ष आले. पोलीस पाटलांच्या रिकाम्या जागा आणि आशांचं थकलेलं मानधन हे विषय मात्र निवेदनांतच राहिले.