भेद ओळखीसाठी आहेत

सूरह हुजुरातच्या १३व्या आयतीत अल्लाह सर्व मानवांचे मूळ एकच सांगतो. वंश आणि जमाती केल्या त्या परस्परांची ओळख व्हावी म्हणून.

आपल्या गिरीज-वसईच्या पट्ट्यात सामवेदी बोली ख्रिस्ती कुपारीही बोलतात आणि हिंदू सामवेदी ब्राह्मणही. धर्म दोन, बोली एक. शेजारी वाडवळ, कोळी, आगरी, वारली आहेत. सूरह रूमच्या २२व्या आयतीत भाषाभेद ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. मग शेजाऱ्याच्या बोलीला आपले मूल हसले, तर ते कशाला हसले?

अल्-बिरूनी भारतीयांना समजून घेण्यासाठी संस्कृत शिकला. त्याने त्याचे ईमान उणावले नाही. श्रेष्ठत्व तकव्यात आहे, वंशात नाही. म्हणून मुलांना आधी शेजाऱ्याची विचारपूस करायला शिकवा. अल्लाह आपणांस तशी सद्बुद्धी देवो. आमीन.